एक लाख बेरींचा हिशेब : 'वन पीस' खंड ९ वर वाचकांची मतं आणि प्रश्न

एइचिरो ओदा यांच्या 'वन पीस' या मांगा (जपानी चित्रकथा) मालिकेतला नववा खंड वाचून मतं आणि प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. लफी हा तरुण चाचा आणि झोरो, नामी, उसॉप, सांजी या त्याच्या साथीदारांची ही गोष्ट. पत्रं भरपूर आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. या खंडात ७२ ते ८१ अशी दहा प्रकरणं आहेत आणि उत्तरांमध्ये त्यातलं जवळपास सगळं कथानक उघड होतं. खंड अजून वाचला नसेल, तर पहिली दोन उत्तरं वाचून थांबा.

प्रश्न : मालिका शंभर खंडांच्या पुढे गेली आहे. सगळं वाचायला वेळ नाही. नामीची गोष्ट सगळ्यात चांगली असं ऐकलंय, तर थेट खंड ९ घेतला तर चालेल का?

चालणार नाही, पण शंभर खंडही वाचावे लागणार नाहीत. नामीच्या गावावर कब्जा करून बसलेल्या आर्लोंग या मत्स्यमानव चाच्याचा भाग खंड ८ मध्ये प्रकरण ६९ पासून सुरू होतो, त्यामुळे खंड ९ उघडला की तुम्ही मधेच जाऊन पडता. गाव कोणतं, घरं उलटीपालटी का पडली आहेत, झोरोच्या छातीवर पट्ट्या कशासाठी, यातलं काहीच कळत नाही. नामी जहाज घेऊन पळते ते खंड ६ मध्ये, समुद्रातल्या बाराती उपाहारगृहाच्या भागात. कमीत कमी वाचायचं तर खंड १ ते ३, मग ६ आणि ८, मग ९. चौथा, पाचवा आणि सातवा राहिला तरी नामीची गोष्ट कळते, पण उसॉप आणि सांजी कोण, कुठून आले, हे अधांतरी राहतं.

पहिले तीन खंड टाळू नका, कारण लफीच्या टोपीची गोष्ट तिथे आहे. शँक्स या चाच्याने लफीला ती दिली ते पहिल्याच प्रकरणात. तिसऱ्या खंडात बग्गी या चाच्याने तिला भोकं पाडली तेव्हा लफी किती भडकला होता ते आठवा. आणि ती फाटलेली टोपी पुढे नामीने शिवून दिली. हे माहीत नसेल तर प्रकरण ८१ मध्ये त्या टोपीचं जे होतं, ते नुसतं नाटकी वाटेल.

प्रश्न : माझ्या प्रतीत काही पानांच्या कडा काळ्या आहेत आणि चित्रांवर जाळीसारखे पट्टे दिसतात. छपाईचा दोष आहे का? आणि वाचायचं नेमकं कुठून?

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

काळ्या कडा मुद्दाम आहेत. चौकटींमधली जागा पांढरी असेल तर प्रसंग आत्ताचा, काळी असेल तर भूतकाळातला. या खंडात नामीची बहीण नोजिको जुनी हकिकत सांगू लागते, ती ७७ ते ७९ या प्रकरणांत. पान चाळताना कड आधी बघायची सवय लावून घ्या. मजकुरात 'आठ वर्षांपूर्वी' असं दर वेळी लिहिलेलं नसतं.

जाळीचे पट्टे मात्र दोषच. मांगामधली करडी छटा शाईची नसते, बारीक ठिपक्यांची असते. छापील पुस्तक स्कॅन करून पुन्हा छापलं की स्कॅनरची ओळ आणि ठिपक्यांची ओळ एकमेकींवर चढतात आणि लहरी उमटतात. त्याबरोबर गडद काळा भाग राखाडी दिसत असेल, कण्याकडच्या बाजूला संवादाच्या फुग्यातली अक्षरं कापली गेली असतील, तर तुमची प्रत नकली आहे. चाच्यांच्या गोष्टीची चोरटी प्रत, असो. अस्सल प्रतीतही अक्षर बारीक असतं, कारण मालिका आधी ज्यात छापून येते त्या साप्ताहिकाचं पान बी-५ आकाराचं आणि जपानी खंडाचं पान लांबी-रुंदीला त्याच्या साधारण दोन तृतीयांश. पण तिथे ठिपके सुटे आणि स्वच्छ दिसतात.

वाचायचं उजवीकडून डावीकडे. पुस्तकाचा कणा उजव्या हाताला येईल असं धरा, मग प्रत्येक पानावर वरची उजवी चौकट पहिली. एका चौकटीत दोन फुगे असतील तर उजवीकडचा आधी. नवख्यांचा घोळ होतो तो एक उंच चौकट आणि तिच्या शेजारी दोन आडव्या चौकटी असतात तिथे. उंच चौकट उजवीकडे असेल तर ती आधी संपवा, मग डावीकडच्या दोन वरून खाली. उंच चौकट डावीकडे असेल तर उलट : उजवीकडच्या दोन्ही आधी.

काही चोरट्या प्रती चित्रं आरशासारखी उलटवून डावीकडून उजवीकडे छापलेल्या असतात. ओळखायला सोपं आहे. लफीच्या डोळ्याखालचा व्रण डाव्या डोळ्याखाली हवा आणि नामीचं गोंदण डाव्या दंडावर. दोन्ही उजवीकडे दिसले तर ती प्रत ठेवून द्या.

मत : "खंडाचा पहिला अर्धा भाग वाया गेला. समुद्रगायीचा तो विनोद कशासाठी? नामीचं दुःख सुरू असताना हसवायची गरज काय?"

अर्धं मान्य. मोमू नावाची ती अवाढव्य समुद्रगाय, तिने ओढलेली नाव, मग ती नाव जमिनीवर घसरत जाऊन झोरोला धडकते ते सगळं लांबलंय. दोन-चार पानं कापली असती तर काही बिघडलं नसतं.

पण काढून टाका म्हणाल तर नाही. त्या गडबडीत लफी आणि सांजी बेटावर पोचतात, आणि पोचताना त्यांना इथलं फारसं काही ठाऊक नसतं. ते हसतखेळत येतात. वाचकाला मात्र आर्लोंगने गावचा पोलीस गेन्झो याला कसं वागवलं ते दिसलेलं असतं. पात्रांना कमी आणि वाचकाला जास्त माहीत, ही तफावत त्या विनोदातून तयार होते आणि पुढची तीन प्रकरणं तीच तफावत उलटी फिरवतात : मग नामीला माहीत आणि बाकी कोणालाच नाही. शिवाय मोमू आर्लोंगच्याच पदरी आहे. तिला लफी आणि सांजीने किती सहज लोळवलं, हे पुढच्या लढाईआधी वाचकाला कळून चुकलेलं असतं.

प्रश्न : आर्लोंगच्या खंडणीचा हिशेब मला लागत नाही. बेलमेरकडे पैसे होते, मग ती मेली का?

या खंडावर सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आली. हिशेब नीट मांडला की पूर्ण प्रसंग उलगडतो.

खंडणीचा दर असा : मोठ्या माणसामागे महिन्याला १ लाख बेरी (मालिकेतलं चलन), लहान मुलामागे ५० हजार. नवराबायको आणि दोन मुलं असं घर असेल तर महिन्याला ३ लाख. एका घराचे पैसे कमी पडले तरी शिक्षा गावाला होऊ शकते, हे गोसा गावाच्या उलट्या पडलेल्या घरांवरून खंड ८ मध्ये आधीच दाखवलं आहे.

बेलमेर नौदल सोडून आलेली, संत्र्यांच्या बागेवर जगणारी बाई. नोजिको आणि नामी तिच्या पोटच्या नाहीत, युद्धभूमीवर सापडलेल्या. तिच्या घरात तीन माणसं, म्हणजे १ लाख अधिक ५० हजार अधिक ५० हजार, एकूण २ लाख. तिच्याजवळ आहेत साधारण १ लाख. एवढ्यात एक मोठं माणूस सुटतं किंवा दोन मुलं. दोन्ही नाही.

आता गेन्झोची बाजू बघा. बेलमेरचं लग्न झालेलं नाही आणि मुली तिच्या म्हणून कुठे नोंदलेल्या नाहीत, हे तो जाणतो. म्हणून ती एकटीच राहते असं भासवून तो तिचे १ लाख तिच्याच नावावर भागवतो. आर्लोंगची माणसं वळलेली असतात, मुली लपून पळू शकल्या असत्या. यात खोटं एकच : मुली नाहीतच. ते खोटं चाललं असतं. बेलमेर स्वतःच ते मोडते. ते पैसे माझ्या दोन मुलींचे आहेत आणि माझ्या स्वतःच्या नावाचे पैसे नाहीत, असं ती सांगते. आर्लोंगचा नियम तिला पक्का माहीत असतो. पैसे नाहीत म्हणजे मरण.

ओदा यांनी इथे १ लाखाचा आकडा मुद्दाम बसवला आहे. दीड लाख असते तर एक मोठं आणि एक मूल सुटलं असतं आणि प्रश्न कोणती मुलगी ठेवायची असा घाणेरडा झाला असता. पन्नास हजार असते तर एकच मूल सुटलं असतं आणि पुन्हा तोच प्रश्न उरला असता. १ लाखात तिच्यापुढे दोनच वाटा राहतात आणि दोन्ही पूर्ण आहेत. त्याआधीच्या पानांवर नामी तिला, आपण काही खरं कुटुंब नाही, अशा अर्थाचं बोलून घरातून पळालेली असते. त्या वाक्याला उत्तर बेलमेर बोलून देत नाही, पैसे मोजून देते. ७८ वं प्रकरण पुन्हा वाचताना संवाद सोडा आणि कोण कोणाचे पैसे भरतंय एवढंच बघा.

प्रश्न : नामीने १० कोटी जमवले की आर्लोंग गाव सोडणार होता. मग शेवटी त्याने फसवलं का? एवढे पैसे मिळत होते ना?

तो स्वतः शब्द मोडत नाही, हीच त्याची चलाखी. पैशाच्या बाबतीत आपण दिलेला शब्द पाळतो, हे तो मिरवतो. म्हणून तो नामीच्या पैशाला हात लावत नाही, नौदलाच्या १६व्या तळाचा कप्तान नेझुमी लावतो. चाच्यांकडून चोरलेला माल जप्त, असा कायद्याचा देखावा. पैसे पुरले होते संत्र्यांच्या बागेत, ते नेझुमीचे शिपाई खणून काढतात आणि त्या झटापटीत नोजिकोला गोळी लागते. करार जिवंतच राहतो, फक्त मोजणी पुन्हा शून्यावर.

नामीने आठ वर्षांत, म्हणजे दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत, ९ कोटी ३० लाख जमवले होते. महिन्याला सरासरी साडेनऊ लाखांच्या वर. म्हणजे एकटी पोर दरमहा नऊ मोठ्या माणसांच्या खंडणीएवढं आणत होती, तेही चाच्यांना लुटून. राहिले होते ७० लाख. एका फेरीचं काम.

आर्लोंगला पैसा हवा आहेच, पण त्याहून नामीने काढलेले समुद्राचे नकाशे हवेत. तिच्याएवढे अचूक नकाशे काढणारं दुसरं कोणी त्याच्याकडे नाही आणि त्याला राज्य उभारायचं आहे समुद्रावर. १० कोटी एकदाच मिळतात, नकाशे आयुष्यभर. हा हिशेब त्याच्या बाजूने अगदी बरोबर आहे, म्हणून तो इतका किळसवाणा वाटतो.

मत : "लफीला मित्र म्हणायचं? नोजिको सांगायला बसते आणि हा 'मला नाही ऐकायचं' म्हणून फिरायला निघून जातो. तिथेच माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला."

असं लिहिणारे बरेच आहेत आणि पहिल्या वाचनात तसं वाटणं साहजिक आहे. तरी आमचं मत ठाम आहे : हे या खंडातलं सगळ्यात नेमकं पाऊल.

नोजिकोची हकिकत ऐकून लफी लढायला उठला असता, तर नामीचं दुःख ही त्याच्या मदतीची किंमत ठरली असती. पुरेसं दुःख दाखव, मग मदत मिळेल. या गावात सगळं काही किमतीवर चालतं. आर्लोंगकडे जीव विकत मिळतो, नेझुमीकडे नौदल विकत मिळतं, नामी गाव विकत घ्यायला निघाली आहे. लफीला कारणच नको असल्यामुळे तो एकटा या बाजाराच्या बाहेर राहतो. प्रकरण ८१ मध्ये नामी त्याला चिडून म्हणते की तुला काय माहीत आहे, आणि तो सरळ कबूल करतो की काही माहीत नाही. फिरायला गेला नसता तर हे उत्तर त्याला देता आलं नसतं.

कथा सांगण्याच्या दृष्टीनेही ते सोयीचं आहे. हकिकत वाचकाने ऐकली, झोरो-उसॉप-सांजीच्या बाजूला ती सांगितली गेली. लफीला पुन्हा सगळं समजावण्यात पानं गेली नाहीत.

प्रश्न : गावकऱ्यांना नामीचं खरं कारण आधीपासून ठाऊक होतं, असं शेवटी कळतं. मग आठ वर्षं तिचा तिरस्कार कशाला? कथेतलं भोक वाटतं.

भोक नाही, पण घाईत सांगितलंय खरं. नामी आर्लोंगला मिळाली तेव्हा गावाला ते पटलं नाही, म्हणून त्यांनी नोजिकोला गाठून खरं काढून घेतलं. पुढे गप्प राहिले ते अशासाठी की आम्हाला माहीत आहे, आम्ही वाट बघतोय, हे नामीला कळलं असतं तर तिला सगळं टाकून पळून जावंसं वाटलं तरी ती अडकली असती. तिची सुटकेची वाट उघडी ठेवायची तर तिला गावाची ओढ वाटू द्यायची नाही. एवढं गणित दोन-तीन चौकटींत उरकलंय. आणखी एक पान द्यायला हवं होतं, हे आम्हालाही वाटतं.

पुन्हा वाचताना गेन्झोचे आधीचे प्रसंग तपासा. त्याच्या वागण्यात कुठेही उघड क्रूरपणा सापडत नाही, फक्त अंतर सापडतं. त्याच्या टोपीवरच्या भिरभिऱ्याचं कोडं मात्र इथे सोडवायला बसू नका, ते खंड ११ मध्ये सुटतं, आणि दंडावरच्या गोंदणाचं पुढे काय होतं तेही तिथेच.

प्रश्न : शेवटच्या प्रकरणात इतकं काय आहे? मला चांगलं वाटलं, पण रडू वगैरे आलं नाही.

बहुधा भराभर वाचलं असेल. ती पानं जवळून बघू या.

गावकरी हत्यारं घेऊन निघून जातात आणि नामी एकटी उरते. ती गुडघ्यावर बसून दंडावरच्या आर्लोंगच्या खुणेवर सुरा मारते, पुन्हा पुन्हा, आर्लोंगचं नाव घेत. मागून एक हात येऊन तिचं मनगट धरतो. ओदा आधी हात दाखवतात, माणूस नंतर. ती त्याला बेट सोडून जायला सांगते, माती उडवते, तो जागचा हलत नाही. मग ती मदत मागते. या खंडात तोवर तिने कोणाकडेच काही मागितलेलं नाही, हे लक्षात घ्या. खोटं बोलली, चोरी केली, करार केले, पण मागणं हे पहिल्यांदा.

लफी बोलत नाही. टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो आणि चार पावलं पुढे जातो. मग त्याची ती आरोळी येते, अर्थातच करणार या अर्थाची, तोंड आभाळाकडे करून. याआधी चौकटी लहान आणि दाटीच्या असतात, आरोळीला जागा मोठी मिळते. म्हणून आधीची पानं पळवली की आरोळी पोकळ वाटते. मग वाटेत बसलेले तिघे उठतात आणि चौघं चालू लागतात. काय झालं, असं एकही जण विचारत नाही.

मोबाइलवर वाचत असाल तर ज्या ॲपमध्ये चौकट-चौकट पुढे सरकते ती सोय बंद करा आणि पूर्ण पान दिसू द्या. लहान-मोठ्या चौकटींचा फरकच त्या सोयीत पुसला जातो, सगळ्या सारख्याच आकाराच्या होतात.

मत : "आर्लोंग एकसुरी खलनायक आहे. वाईट म्हणून वाईट."

खंड ९ पुरतं बरोबर. इथे तो खंडणी वसूल करणारा गुंड आहे, डोक्यावर २ कोटींचं इनाम, माणसं म्हणजे हलकी जात असं मानणारा. त्याचा हा माणसांवरचा राग कुठून आला ते ओदा यांनी खूप पुढे, मत्स्यमानवांच्या बेटाच्या भागात दाखवलं. खंड ६३ मध्ये फिशर टायगरची हकिकत येते आणि तिथला तरुण आर्लोंग बघितल्यावर त्याची घडण कळते, त्याला माफी मात्र मिळत नाही. मालिका इतकी लांब असल्याचा हा एक खरा फायदा.

प्रश्न : प्रकरणांच्या पहिल्या पानावर बग्गीची चित्रं का येतात? त्यांचा कथेशी संबंध काय?

ती स्वतंत्र चित्रमालिका आहे, एका पानावर एक चित्र. प्रकरण ३५ ला सुरू झाली आणि ७५ ला, म्हणजे याच खंडात, संपली. बग्गी आणि अल्विडा हे दोन चाचे एकत्र कसे आले हे फक्त तिथेच कळतं. ती पानं टाळलीत तर खंड ११ मध्ये दोघं जोडीने समोर आल्यावर गोंधळ होईल.

प्रश्न : नेटफ्लिक्सवरची मालिका पाहिली आहे. तरी हा खंड वाचावा का?

वाचा. २०२३ च्या पहिल्या हंगामात आर्लोंगपर्यंतची गोष्ट आठ भागांत बसवली आहे, म्हणजे मूळची नव्वदच्या वर प्रकरणं. टोपीचा प्रसंग तिथेही आहे, पण त्याच्या आधीची तयारी बरीच कमी झाली आहे. इंग्रजी अनुवादातून वाचणार असाल तर एक ध्यानात ठेवा : तिथे झोरोचं नाव 'झोलो' असं छापलेलं दिसेल. ती छपाईची चूक नाही. आणि खंड १० हाताशी ठेवूनच नववा सुरू करा, कारण नववा संपतो तो चौघं आर्लोंगच्या दाराकडे निघाल्यावर. दार फुटतं ते दहाव्यात.